कसे पकडले ते आधी सांगा

अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या बसवण्याआधी मी प्रत्येक नळीच्या बाहेरच्या अंगाला मार्करने एक काळी रेघ ओढते. सव्वा तासाने नळी बाहेर येते तेव्हा तळाशी बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. जे हवं ते नेमकं त्या रेघेच्या आत, प्लास्टिकला चिकटून बसलेलं असतं. नव्याने आलेली मुलं नळी उजेडात धरतात, तिरकी करतात आणि म्हणतात, "मॅडम, काहीच आलेलं नाही." आलेलं असतं. वरचं पाणी हलक्या हाताने काढून टाकायचं, रेघेवर शंभर मायक्रोलिटर बफर सोडायचा आणि पिपेटच्या टोकाने ती रिकामी दिसणारी जागा धीराने धूत राहायची. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, रेघेवर ठेवायचा, हा आमच्याकडचा पहिला धडा.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. गाव मात्र नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेचं, चोरखमारा गेटच्या अलीकडे, तिरोड्याच्या बाजूला. आमच्याकडे उन्हाळ्यात तेंदूपत्ता, त्याआधी मोहफुलं, आणि बाराही महिने खर्रा. ज्यांनी विदर्भ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून पानठेल्यावर खसाखसा घोटतात, तो खर्रा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण खर्रा घोटणारा हात थांबला नाही. नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू न घालता, कर्करोग करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. गावात तोंड पूर्ण न उघडणारी माणसं आहेत. लग्नाच्या पंगतीत ती जिलेबीचे बारीक तुकडे करून खातात आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही.

तेव्हा मी ज्या पेशी वाढवते त्या जिभेच्या कर्करोगाच्या आहेत, हा निव्वळ योगायोग नाही. यातला एक वाण एडब्ल्यू १३५१६ या नावाने ओळखला जातो. तो मुंबईत, टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन संस्थेत तयार झाला. ती संस्था आता खारघरला, टाटा मेमोरियलच्याच अॅक्ट्रेक या केंद्राच्या आवारात आहे. मुंबईतल्या या परंपरेला मराठी माणसांचा मोठा हात लागला आहे. डॉ. वसंत खानोलकरांनी भारतातल्या तोंडाच्या कर्करोगाचा आणि तंबाखूच्या सवयींचा संबंध तपासला. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे पेशी वाढवायला शिकल्या. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्सच्या पेशी ज्यांनी जगवल्या तेच हे गे. परत येऊन रणदिवेबाईंनी मुंबईत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. आज आम्ही इन्क्युबेटर उघडून गुलाबी माध्यमातल्या पेशी काढतो, ते फार सोपं वाटतं. तेव्हा ते सोपं नव्हतं.

त्या गुलाबी पाण्यातच आम्हाला हवी असलेली वस्तू असते. एक्झोसोम म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली अतिसूक्ष्म पिशवी. व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. शंभर नॅनोमीटरच्या दहा हजार पिशव्या एका ओळीत ठेवल्या तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. पेशीच्या पोटात एक मोठी पिशवी असते, तिच्या आत या लहान पिशव्या तयार होतात, मग मोठी पिशवी पेशीच्या कडेला येऊन फुटते आणि आतल्या लहान पिशव्या बाहेर पडतात. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलला रोझ जॉन्स्टन यांनी मेंढीच्या तरुण तांबड्या पेशींमध्ये, आणि त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला हार्डिंग आणि स्टाल यांनी उंदराच्या पेशींमध्ये हा प्रकार पाहिला. पेशी नको असलेला माल बाहेर टाकते, एवढाच अर्थ त्यातून निघाला. पुढची बरीच वर्षं याकडे कचरा म्हणूनच बघितलं गेलं.

नंतर कळलं की या कचऱ्यात प्रथिनं असतात, २००७ मध्ये स्वीडनच्या गटाने दाखवलं की आरएनएही असतो, आणि दुसरी पेशी तो उचलून वापरते. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने आणखी पुढची गोष्ट सांगितली. गाठीतून निघालेल्या एक्झोसोमच्या पृष्ठभागावर कोणती प्रथिनं आहेत त्यावरून ते फुप्फुसात जाऊन बसणार की यकृतात हे ठरतं, आणि तिथली जागा ते कर्करोगाच्या पेशी पोहोचायच्या आधीच तयार करून ठेवतात. इथून सगळ्या जगाला घाई झाली. रक्ताच्या, लघवीच्या, लाळेच्या थेंबात गाठीची खबर मिळणार असेल तर सुई खुपसून तुकडा काढायचा कशाला?

पण त्या थेंबातून एक्झोसोम वेगळे कसे काढायचे? अडचण निव्वळ लहानपणाची नाही. त्याच आकाराच्या इतर पुष्कळ गोष्टी त्याच पाण्यात असतात. पेशीच्या कडेवरून थेट तुटून निघालेल्या पिशव्या असतात, प्रथिनांचे गोळे असतात, नमुना रक्ताचा असेल तर कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण असतात आणि ते एक्झोसोमपेक्षा कितीतरी जास्त असतात. शिवाय पेशी वाढवताना आम्ही माध्यमात वासराच्या गर्भाचं सीरम घालतो. त्यात वासराचे एक्झोसोम भरपूर. म्हणून ते सीरम आधी रात्रभर फिरवून साफ करावं लागतं, नाहीतर जिभेच्या कर्करोगावर निबंध लिहिता लिहिता माणूस गाईचा अभ्यास करून बसतो. काही जण सीरमच घालत नाहीत. पण उपाशी पेशी वेगळंच काही बाहेर टाकते, तेही खरंच.

आता पद्धती. सगळ्यांत जुनी आणि अजूनही सगळ्यांत जास्त वापरात असलेली पद्धत म्हणजे अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवणं. आधी हळू: गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट जोराने दहा मिनिटं, पेशी खाली बसतात. मग २,००० पट, मेलेल्या पेशी जातात. मग १०,००० पट, अर्धा तास, मोठे तुकडे जातात. आणि शेवटी १,००,००० पट, सत्तर मिनिटं. खाली बसलेलं धुवायचं आणि पुन्हा तेवढंच फिरवायचं. ही कृती २००६ साली पॅरिसच्या क्लोटिल्ड तेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपशिलाने लिहून ठेवली आणि जगभर तीच चालते.

वाचायला सरळ वाटतं. करताना दिवस जातो. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन तराजूवर जुळवावं लागतं, थेंबाथेंबाने. मशीनच्या आत हवा काढून पोकळी करावी लागते. नळ्या धरून फिरणाऱ्या रोटरची एक वेगळी वही असते, त्यात प्रत्येक फेरी लिहायची, कारण धातूही थकतो आणि थकलेला रोटर फुटला तर खोलीत कुणी नसलेलं बरं. आणि निबंधात नुसतं 'एक लाख जी' लिहून भागत नाही. तिरक्या खाचांचा रोटर आणि झोके घेणाऱ्या बादल्यांचा रोटर यांच्यात नळीतून खाली यायचं अंतर वेगळं असतं, म्हणून तेवढाच जोर, तेवढाच वेळ देऊनही हाती वेगळंच येतं. वर प्रथिनांचे गोळेही तळाला जातात, आणि एकमेकांवर इतक्या जोराने दाबलेल्या पिशव्या चिकटतात, काही फुटतात. मला ही पद्धत आवडते, हात बसलेला आहे म्हणून. पण ती स्वच्छ माल देते असं मी म्हणणार नाही.

दुसरी पद्धत आळशी माणसाची. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचं एक चिकट रसायन पाण्यात मिसळायचं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी साध्या सेंट्रिफ्यूजवर फिरवायचं. रसायन पाणी शोषून धरतं आणि पाण्यात तरंगणारं बाकी सगळं खाली बसतं. विषाणू गोळा करायला हीच युक्ती पूर्वीपासून वापरतात. महागडे किट मिळतात. त्यांतल्या बऱ्याच किटचा गाभा हाच, बाटलीवरचं नाव तेवढं भारी. तळाशी पांढरा गठ्ठा बसलेला बघून नवी मुलं खूश होतात. त्या गठ्ठ्यात एक्झोसोम असतात, पण प्रथिनंही असतात, आणि रसायनही राहतं. नुसता आरएनए काढायचा असेल तर ठीक. हा माल दुसऱ्या पेशींवर टाकून परिणाम बघायचा असेल तर परिणाम कुणाचा, हे देवालाच ठाऊक.

मे महिन्यात गावी गेले की माझा मावसभाऊ हटकून विचारतो, काय चाललंय. तो नागझिऱ्यात गाईड आहे. मी त्याला नळीवरच्या रेघेचं सांगितलं तर म्हणाला, "दिसत नाई म्हनतेस, मंग मोजतेस कशी वो?" मी म्हटलं, तुम्ही वाघ मोजता तसंच. आणि मग लक्षात आलं की हे उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं होतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून मोजणी होते. चांदण्यात जे प्यायला आलं ते वहीत लिहिलं. त्या रात्री जे दुसऱ्या झऱ्यावर गेलं ते नाहीच. पूर्वी वाघ पावलांच्या ठशांवरून मोजत, काच ठेवून ठसा रेखाटून घेत. २००१-०२ साली त्या पद्धतीने देशात ३,६४२ वाघ निघाले. राजस्थानातल्या सरिस्कात २००५ मध्ये एकही वाघ उरला नाही हे उघड झालं, पद्धत बदलली, कॅमेरे आले, आणि २००६ च्या मोजणीत आकडा आला १,४११. मधल्या काळात वाघ मेलेही असतील, पण जुन्या आणि नव्या आकड्यांची वजाबाकी करून किती मेले हे सांगता येत नाही, कारण दोन आकडे दोन वेगळ्या मोजपट्ट्यांचे. भावाला हे मला समजवावं लागलं नाही. तो मचाणावरचा आकडा आणि कॅमेऱ्याचा आकडा कधीच एका दमात सांगत नाही.

आमच्या क्षेत्रात मात्र सांगतात, आणि छापतातही. २०१७ मध्ये युरोपातल्या एका गटाच्या पुढाकाराने आधीच्या काही वर्षांतले बाराशेहून अधिक निबंध तपासले गेले, तेव्हा एक्झोसोम आणि तत्सम पिशव्या वेगळ्या करायच्या हजाराहून अधिक वेगवेगळ्या कृती सापडल्या. एकाने इतका वेळ फिरवलं, दुसऱ्याने तितका, तिसऱ्याने रोटर कोणता तेच लिहिलं नाही. आणि निष्कर्ष सगळ्यांचे 'एक्झोसोममध्ये अमुक सापडलं' असे.

याचा सगळ्यांत मोठा धक्का २०१९ मध्ये बसला. अमेरिकेत नॅशव्हिलच्या रॉबर्ट कॉफी यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या आणि मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींपासून मिळालेला माल दोन कडक चाळण्यांतून काढला. एक चाळणी घनतेची. आयोडिक्सॅनॉल नावाचं जड द्रव, अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात तेच, वेगवेगळ्या घनतेच्या थरांत नळीत भरायचं आणि रात्रभर फिरवायचं. खऱ्या पिशव्यांत चरबीचं आवरण असतं, त्या हलक्या; त्या वरच्या थरात तरंगत राहतात. प्रथिनांचे गोळे जड, ते खाली राहतात. दुसरी चाळणी प्रतिपिंडांची, तिच्याकडे मी पुढे येते. या दोन्हींतून पार झाल्यावर त्यांना दिसलं की एक्झोसोममध्ये असतो असं इतकी वर्षं सांगितला जाणारा डीएनए आणि त्याला गुंडाळणारी हिस्टोन प्रथिनं एक्झोसोममध्ये नव्हतीच. ती त्याच नळीत, पण शेजारच्या जड थरात होती. जुन्या पद्धतीत ते दोन्ही एकाच गठ्ठ्यात येत होते, एवढंच.

थर भरायचं काम एकदा करून बघण्यासारखं आहे. नळी तिरकी धरायची, पिपेटचं टोक काचेला... म्हणजे प्लास्टिकला टेकवायचं आणि थेंब इतका हळू सोडायचा की खालच्या थराला कळू नये. दोन थरांच्या मधली रेषा उजेडात पाण्यावरच्या तेलासारखी चमकते. ती चमकली नाही तर थर मिसळले, पुन्हा सुरुवात. दिवसाला दोन-चार नमुन्यांच्या वर हे कुणाच्याने होत नाही. म्हणून दवाखान्याच्या कामाला ही पद्धत नाही. पण एखादं प्रथिन एक्झोसोमच्या आत आहे असं मला कुणी सांगितलं तर मी आधी हाच थर मागते.

कॉलमची पद्धत मला अलीकडे जास्त पटते. समुद्री शेवाळापासून काढलेल्या अॅगरोजचे सच्छिद्र मणी एका उभ्या नळीत भरतात. वरून अर्धा मिलिलिटर नमुना ओतायचा. लहान प्रथिनं मण्यांच्या छिद्रांत शिरतात, भटकतात, उशिरा बाहेर येतात. एक्झोसोम छिद्रांत मावत नाहीत, मण्यांच्या बाहेरून सरळ खाली उतरतात आणि आधी टपकतात. मशीन लागत नाही, दाब नाही, पिशव्या शाबूत राहतात. २०१४ मध्ये अॅमस्टरडॅमच्या अनिता बोइंग आणि सहकाऱ्यांनी हे एका पायरीत, मिनिटांच्या हिशेबात करून दाखवलं. आम्ही अर्ध्या अर्ध्या मिलिलिटरचे भाग ओळीने लावलेल्या नळ्यांत पकडतो आणि कोणत्या नळीत एक्झोसोम आले ते तपासतो. तोटेही आहेत. माल पातळ होतो. पेशींचं शेकडो मिलिलिटर पाणी असेल तर आधी ते बारीक पडद्यातून दाबून आटवावं लागतं. आणि रक्तातले कोलेस्टेरॉलवाले मोठे कण एक्झोसोमच्या बरोबरीनेच उतरतात, त्यांना कॉलम ओळखत नाही.

ओळखतात ती प्रतिपिंडं. एक्झोसोमच्या आवरणावर सीडी९, सीडी६३, सीडी८१ नावाची प्रथिनं असतात. त्यांना धरणारी प्रतिपिंडं चुंबकीय मण्यांवर चिकटवायची, मणी नमुन्यात घोळवायचे, बाहेरून चुंबक लावायचं. मणी भिंतीला सरकतात, बाकीचं ओतून द्यायचं. यात येतं ते स्वच्छ येतं. पण ज्यावर ते प्रथिन नाही तो एक्झोसोम हातून गेला, आणि मण्याला घट्ट बसलेली पिशवी शाबूत सोडवणं त्रासाचं. पैसेही भरपूर लागतात.

हे सगळं झाल्यावर मोजणी. लेझरच्या उजेडात कण चमकतात, पडद्यावर पांढरे ठिपके थरथरतात, त्यांच्या थरथरीवरून संगणक आकार काढतो आणि किती ते सांगतो. अब्जांचे आकडे येतात, ऐकायला छान वाटतात. पण लेझरला प्रथिनाचा गोळाही चमकतोच. म्हणून कार्डिफच्या वेबर आणि क्लेटन यांनी २०१३ मध्ये एक साधी कसोटी सुचवली: एका मायक्रोग्रॅम प्रथिनामागे किती कण? तीन हजार कोटींच्या वर असतील तर माल चांगला, दीडशे कोटींच्या खाली असतील तर त्यात एक्झोसोमपेक्षा इतर प्रथिनंच जास्त. मी निबंध हाती आला की आधी हा आकडा शोधते. तो दिलेला नसला की निष्कर्षाकडे मी जरा सावकाश बघते.

हे सगळं प्रयोगशाळेतलं भांडण असतं तर मी मासिकात लिहिलं नसतं. हल्ली नागपूर-पुण्यात केस उगवायला, चेहरा उजळायला एक्झोसोमची सुई देणाऱ्या जाहिराती दिसतात. बाटलीवर अब्जांचा आकडा छापलेला असतो. कशातून काढले, कसे काढले, त्यात दुसरं काय आहे, हे त्याच बाटलीवर शोधा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला, कारण नेब्रास्कात अशा सुया घेतलेल्या माणसांना गंभीर त्रास झाला होता. एकाही एक्झोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही, असं तेव्हा त्यांनी स्पष्ट लिहिलं. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी ती सुई घ्यावी का असं विचारलं, तेव्हा मी त्यांना नळीवरच्या रेघेचीच गोष्ट सांगितली. त्यांनी घेतली नाही. केस मात्र गळतच आहेत, ते मला दर फोनवर ऐकावं लागतं.

निदानाचं काम जास्त प्रामाणिक आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी लघवीतल्या एक्झोसोमच्या आरएनएवरची चाचणी अमेरिकेत वापरात आहे. तोंडाच्या कर्करोगासाठी लाळ हा सरळ मार्ग, कारण गाठ लाळेतच भिजलेली असते. फक्त लाळ म्हणजे गुलाबी स्वच्छ माध्यम नव्हे. ती चिकट असते, तिच्यात तुटलेल्या पेशी असतात, आणि जिवाणू असतात. जिवाणूही याच मापाच्या पिशव्या सोडतात! खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात त्यांची वस्ती आणखी वेगळी, वर चुना, सुपारीचा भुगा आणि तो तांबूस रस. एक लाख पट जोराने हे फिरवलं तर सगळंच तळाला जाईल. रसायन टाकलं तर त्याहून वाईट. थर भरत बसणं गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात कुणाला जमणार नाही आणि जमावं अशी अपेक्षाही करू नये. माझ्या हिशेबाने आधी साध्या सेंट्रिफ्यूजवर चोथा काढायचा, मग कॉलम, मग माणसाच्याच पेशींचे एक्झोसोम धरणारे मणी. एवढं एका टेबलावर होतं, वीज गेली तरी अर्धं काम थांबत नाही, आणि आमच्याकडे वीज जाते.

लाळ कधी घ्यायची हे मात्र पद्धतीपेक्षा आधी ठरवावं लागतं. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, काही न खाता, आणि पहिला खर्रा तोंडात जायच्या आधी. गावात नमुने गोळा करायचे झाले तर असंच करू, असं मी भावाला सांगत होते. तो मन लावून ऐकत होता.

"खर्र्याच्या आंधी?" तो म्हणाला. "मंग तुले रात्री तीनलेच याव लागंल."